हे आपल्याला खरंच हवंय का?



मी चिनहटहून बोलतोय. हे लखनौचं पूर्वेकडचं टोक. अयोध्येच्या रस्त्याने निघालं की पूर्वी शहर संपायचं, मग मोकळं रान लागायचं आणि मग चिनहट यायचं, असं इथले जुने लोक सांगतात. झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जायचं. आता शहर इथवर आलंय आणि पुढेही गेलंय. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरी पायदळात झाली. शेवटची काही वर्षं लखनौ छावणीत गेली, मुलीचं शिक्षण इथे चालू होतं, म्हणून इथेच प्लॉट घेऊन घर बांधलं. तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी राहून हे ऐकता, तेव्हा परगावी घर करणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आजचा विषय असा की आपली खरी गरज कोणती आणि दुसऱ्याकडे बघून काय हवंसं वाटतं, हे वेगळं कसं ओळखायचं. साधी राहणी वगैरेवर मी प्रवचन देणार नाही. मी साधू नाही, मला चांगले बूट आवडतात. सुरुवात एका लढाईपासून करतो. फौजी माणसाकडून तुम्ही दुसरी अपेक्षाही केली नसेल.

३० जून १८५७. लखनौत तेव्हा सर हेन्री लॉरेन्स हा कंपनी सरकारचा चीफ कमिशनर होता. उठावाची झळ लखनौला लागणार हे त्याने वेळेत ओळखलं होतं. कित्येक दिवस तो रेसिडेन्सीत धान्य आणि दारूगोळा भरून घेत होता, मोर्चे बांधत होता. वेढा पडला तर माणसं किती, दिवस किती, खाणार किती, हा विचार करूनच तो साठा केलेला होता. म्हणजे गरज कशाला म्हणतात हे या माणसाला चांगलं कळत होतं.

जूनच्या अखेरीस बातमी आली की उठाववाल्यांची आघाडीची तुकडी चिनहटपाशी येऊन पोहोचलीय. लॉरेन्सच्या भोवतीचे काही अधिकारी बरेच दिवस त्याच्यामागे लागले होते, की बाहेर पडा, एक तडाखा द्या, भिंतीआड बसणं आपल्याला शोभत नाही. त्यात सगळ्यात पुढे होता फायनान्शियल कमिशनर मार्टिन गबिन्स. हा मुलकी अधिकारी, लढाईचा अनुभव बेताचा, पण आवाज मोठा. असे लोक प्रत्येक हेडक्वार्टरमध्ये असतात. लॉरेन्सची तब्येत तेव्हा खचलेली होती. स्वतःचं मत फारसं अनुकूल नसताना तो निघाला.

निघायला उशीर झाला आणि ऊन वर आलं. पाऊस पडायच्या आधीचं लखनौचं ऊन कसं असतं ते इथे राहून बघा. सहाशे-सातशे माणसं, दहा तोफा आणि हत्तीने ओढायची एक आठ इंची हॉवित्झर. बत्तिसाव्या पलटणीचे गोरे शिपाई उपाशीपोटी चालत होते. पाण्याच्या पखाली वाहणारे भिस्ती निघून गेले. कुकरैल नाल्याच्या पुलावर सगळे थांबले होते, तिथून मागे फिरता आलं असतं. पण पुढे जायचं ठरलं. समोर बरकत अहमदच्या हाताखाली हजारो माणसं होती, आणि त्यांना आमराईचा नि इस्माइलगंजच्या घरांचा आडोसा होता. बत्तिसाव्या पलटणीचा कर्नल केस तिथेच पडला. त्या पलटणीचे शंभराच्या वर शिपाई गेले. काही जण तर गोळी न लागता उन्हाने आणि तहानेने कोसळले. हॉवित्झर टाकून पळ काढावा लागला. लगेच रेसिडेन्सीला वेढा पडला. २ जुलैला लॉरेन्सच्या खोलीत तोफगोळा फुटला आणि ४ जुलैला तो गेला. जी शिबंदी त्याला वेढ्यात भिंतीवर उभी करायची होती, तिच्यातली कितीतरी माणसं त्याने या एका सकाळी गमावली होती.

आपल्या बाजूने पाहिलं तर हा १८५७चा एक ठळक विजय आणि मला त्याचा आनंदच आहे. बरकत अहमदने जमीन आणि आडोसा कसा वापरला, हा शिकवण्यासारखा भाग आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलेन. हरलेल्या बाजूकडे मात्र मी फौजी म्हणून बघतो. खबर कच्ची होती, काही तोफखानावाले उलटले, कारणं बरीच आहेत. मला त्यातलं एक कारण विसरता येत नाही. पाणी ही गरज होती, आणि ती लॉरेन्सला ठाऊक होती. 'हा माणूस घाबरला' असं कोणी म्हणू नये ही इच्छा होती. ती त्याच्या मनातली होती की गबिन्सने त्याच्या मनात घातलेली, हे आता कोण सांगणार? त्या सकाळी ती इच्छा पुढे निघाली आणि पाणी मागे राहिलं.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. तुलना म्हटलं की लोकांना बायकांच्या साड्या आणि शेजाऱ्याची गाडी एवढंच आठवतं. जणू मोठ्या हुद्द्यावरच्या, विचारी, अनुभवी पुरुषांना हा आजार होतच नाही.

आता फौजेतलं थोडं सांगतो. आमच्याकडे गरज कागदावर लिहिलेली असते. तिला स्केल म्हणतात. माणशी रोज आटा किती, डाळ किती, तेल किती, चहाची पत्ती किती. पाठीवरच्या मोठ्या पिशवीत काय जाईल आणि लहान पिशवीत काय, तेही ठरलेलं. वजन जवानाच्या पाठीवर असतं, त्यामुळे प्रत्येक वस्तूला आपण इथे का आलो याचं उत्तर द्यावं लागतं. घर चालवताना असा कागद कोणी हातात देत नाही, आणि वजनही लगेच पाठीवर येत नाही. ते हप्त्याच्या रूपाने येतं, दर महिन्याच्या पाच तारखेला.

तरी फौजी घरांना एक सोय असते, बदलीची. दर दोन-तीन वर्षांनी काळ्या पेट्या भरायच्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचे, झाकणाच्या आत यादी चिकटवायची. फौजी बायकोला विचारा, ती सांगेल की दोन-तीन पेट्या अशा असतात ज्या एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर न उघडता जातात. आत काय असतं? बारा माणसांचा काचेचा डिनर सेट, कारण त्या वर्षी त्या स्टेशनवर सगळ्यांनी घेतला होता. मुरादाबादचं पितळ. एखादा जाडजूड गालिचा, जो चेन्नईत कुठे अंथरणार? रोजचा कुकर, पोळपाट, मुलांची पुस्तकं, मच्छरदाणी असलेली पेटी मात्र पहिल्या रात्रीच उघडते. सामान उतरवणाऱ्या जवानांनाही ती बरोबर ओळखता येते, "मेमसाब, ये पहले" म्हणत ते ती दाराशीच ठेवतात. ज्यांची बदली होत नाही अशा लोकांच्या घरात त्या न उघडलेल्या पेट्या माळ्यावर असतात, एवढाच फरक.

कँटीनचं बघा. सीएसडी कँटीनमध्ये दारूचा महिन्याचा कोटा असतो. माझ्या ओळखीत असे निवृत्त सुभेदार साहेब आहेत जे आयुष्यात एक थेंब प्यायले नाहीत, पण कोटा एकदाही सोडला नाही. का? तर 'मिळतोय ना, मग सोडायचा कशाला? बाकी सगळे घेतात.' मग त्या बाटल्या साठतात, वाटल्या जातात, कोणाचं तरी काम करून घ्यायला उपयोगी पडतात, ते सोडा. मुद्दा असा की मिळण्याचा हक्क आणि लागणारी वस्तू या दोन गोष्टी आपल्या डोक्यात फार पटकन एक होतात. ऑफिसातल्या एलटीसीचंही असंच होतं. फिरायची इच्छा नसलेला माणूस, ब्लॉक वर्ष संपत आलं म्हणून पोराबाळांना घेऊन धापा टाकत अंदमानला जातो.

पण फौजेत स्केल आहे म्हणून तुलना नाही असं समजू नका. काही वर्षं मी फार उंचावरच्या चौक्यांच्या भागात होतो. सोळा-सतरा हजार फुटांवर गरजा अगदी उघड्या पडतात. पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. त्यासाठी रॉकेल, म्हणजे रॉकेल ही दुसरी गरज. कोरडे मोजे. झोपायला जागा. रेडिओचं बोलणं चालू. एवढं असलं की दिवस निघतो. आणि अशा ठिकाणी माझ्याकडे सगळ्यात जोरात आलेली तक्रार कशाबद्दल होती? शेजारच्या चौकीला हेलिकॉप्टरने आंब्याच्या रसाचे डबे आले आणि आम्हाला लिचीचे आले! लिची इथे अवधात किती मानाची, पण तिथे ती तक्रारीचा विषय झाली, कारण समोरच्या कड्यावर आंबा होता. हवेत प्राणवायू निम्म्याच्या आसपास आणि मनात हा हिशेब.

याचा अभ्यास झालेला आहे, आणि तोही सैनिकांवरच. दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टौफर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर अमेरिकन सैनिकांच्या मतांची मोठी पाहणी केली. ती १९४९मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यात एक चक्रावणारी गोष्ट निघाली. हवाई शाखेत बढत्या भराभर मिळत होत्या आणि मिलिटरी पोलिसांत फारच हळू. तरी बढतीच्या संधीबद्दल जास्त नाराज कोण? तर हवाई शाखेतले. त्यांच्या अवतीभवतीचे बरेच जण वर गेले होते, म्हणून मागे राहिलेल्याला टोचत होतं, आणि वर गेलेल्यालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मिलिटरी पोलिसातला शिपाई आजूबाजूला बघायचा तर सगळे त्याच्यासारखेच शिपाई, त्यामुळे तो निवांत. म्हणजे माणसाला किती मिळालं यावर त्याचं समाधान जेवढं ठरतं, त्याहून जास्त ते तो कोणाशेजारी उभा आहे यावर ठरतं. आपल्याकडे शेतकरी हे कधीपासून म्हणतोय, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

मग ओळखायचं कसं? मी एक साधी गोष्ट करतो. जे हवंय त्याचं एक वाक्य करून मोठ्याने म्हणतो. 'रात्री जिना उतरताना मला पायरी दिसत नाही, तिथे दिवा हवा.' या वाक्यात दुसरं कोणी नाही. 'गाडी बदलायला हवी.' का? 'कारण मेजर साहेबांनी नवी घेतली आणि आपली त्यांच्या गाडीशेजारी उभी असते.' इथे मेजर साहेब वाक्यात आले. आता ते वाक्यातून काढा आणि बघा मागे काही उरतं का. कधी उरतं. जुन्या गाडीचे ब्रेक खरंच धड नसतात. कधी काहीच उरत नाही. मनातल्या मनात हे होत नाही, तोंडाने म्हणावं लागतं, आणि शक्यतो बायकोसमोर, कारण ती वगळलेलं नाव लगेच सांगते.

पण ही कसोटी आंधळेपणाने वापरू नका. दुसऱ्याचं नाव आलं की इच्छा खोटी, एवढं हे सोपं नाही. ॲडम स्मिथने १७७६च्या आपल्या ग्रंथात तागाच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं आहे. जगायला तो सदरा लागत नाही, ग्रीक-रोमन लोक त्याच्याशिवाय मजेत राहिले. पण स्मिथच्या काळातल्या युरोपात साध्या मजुरालाही त्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो त्याने गरजेतच धरला. हे मला पटतं. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला शाळेत सगळ्यांसारखे काळे बूट हवे होते. ती स्वतःला इतरांशी ताडून बघतेय म्हणून ही हौस म्हणायची का? बूट नसले तर ती मागच्या बाकावर बसेल, मग शाळाच बुडवेल. ती गरज आहे. मान खाली न घालता चारचौघांत उभं राहता येणं, इथपर्यंतची तुलना मी गरजेत धरतो. चारचौघांच्या पुढे उभं राहायचं असेल तर ते वेगळं खातं.

आणि हा उपदेश करणाऱ्यांनी, माझ्यासकट, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या ताब्यात घेऊन जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. साहेब लोकांमध्ये आणि आपल्यातल्या शहाण्यासुरत्यांमध्ये तेव्हा एक मत फार लाडकं होतं, की कुणबी कर्जात बुडतो तो लग्नकार्याच्या उधळपट्टीमुळे, शेजाऱ्यापेक्षा मोठा मांडव घालायच्या नादाने. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने खातीपोती तपासून सांगितलं, की लग्नाच्या खर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. ठरावीक रोख सारा, बेभरवशाचा पाऊस, कापसाचा पडलेला भाव, सावकाराचं चढतं व्याज, ही मोठी कारणं होती. लग्नाला लागलेले रुपये सगळ्यांना दिसत होते, कारण त्यात ताशे वाजत होते. सारा गुपचूप जात होता. तेव्हा गरिबाला 'अंथरूण पाहून पाय पसर' सांगण्याआधी त्याचं अंथरूण कोणी कापलं ते बघावं. माझं आजचं बोलणं ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्यासाठी आहे, म्हणजे माझ्यासारख्या पेन्शनवाल्यांसाठी.

पेन्शनचा विषय निघालाच आहे. 'वन रँक वन पेन्शन' ही आमची मागणी पूर्णपणे तुलनेवर उभी होती. हुद्दा तोच, सेवेची वर्षं तीच, पण आधी निवृत्त झालेल्याला पेन्शन कमी आणि नंतरच्याला जास्त. २०१५मध्ये जंतरमंतरवर माजी सैनिक बसले होते, तेव्हा काही भल्या माणसांनी मला विचारलं, "साहेब, तुमचं भागत नाही का?" प्रश्नच चुकीचा होता. माझं भागत होतं. पण जुना सुभेदार आणि त्याच्यानंतर निवृत्त झालेला सुभेदार यांनी एकच काम केलं असेल, तर नियमाने दोघांना सारखं तोललं पाहिजे. ही तुलना न्यायाची. ती करताना मी समोरच्याच्या ताटातलं मागत नाही, दोघांना वाढणारा हात एकच आहे का, एवढं बघतो. १ जुलै २०१४पासून ती योजना लागू धरली गेली. त्यातल्या तपशिलांवर आमचे लोक अजून भांडतात, भांडू देत. समाधानी राहायच्या नावाखाली हक्क सोडावा असं मी कधीही म्हणणार नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो मला चिनहटने दाखवला. आमच्या गल्लीत एकाने जमिनीत बोअर मारून सबमर्सिबल पंप बसवला. शेजाऱ्याने त्याहून खोल बोअर मारली. मग तिसऱ्याने. उन्हाळ्यात पहिल्याच्या नळाला हवा यायला लागली. आता तो खोल बोअर मागतोय, ती हौस की गरज? सुरुवातीला ती बरोबरी होती, पण आता त्याला खरंच पाणी नाही. सगळे खोल गेले आणि पाणी सगळ्यांपासून तेवढंच लांब राहिलं, फक्त खिशातले पैसे गेले. कोचिंग क्लासचं हेच, मुलांच्या लग्नाचं हेच. अशा ठिकाणी एकट्याने संन्यास घेऊन भागत नाही, गल्लीने मिळून बसावं लागतं. आमच्या गल्लीत तीन बैठका झाल्या. एकत्र टाकी आणि ठरलेल्या वेळेला पाणी, इथपर्यंत गाडी आली आणि वर्गणीपाशी अडली. अजून अडलेलीच आहे. एक शेजारी म्हणाले, आधी समोरच्यांनी त्यांचा पंप बंद करावा. समोरचे हेच म्हणतात.

आता घरचं सांगतो, कारण यावर आमच्याकडे वर्षभर खल चालला.

माझे बरेचसे मराठी कोर्समेट पुण्यात स्थायिक झाले आहेत. वानवडी, एनआयबीएम रोड, त्या बाजूला. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रविवार आला की फोटो येतात. आज इथे नाश्ता, आज सिंहगड, पिठलं-भाकरी, कोणाच्या तरी गच्चीवर गाण्याची बैठक. खाली ठरलेला मजकूर, "साहेब, तुम्ही कधी येताय?" मग इथलं घर विकून पुण्यात फ्लॅट घ्यावा असा विचार सुरू झाला. दलालाशी बोलणं झालं. दोन शहरांतल्या भावांचा फरक असा, की घर विकूनही आयुष्यभराच्या शिलकीतला मोठा घास जाणार होता. म्हणजे पुढे दोघांपैकी एकाला मोठं आजारपण आलं, तर हात आखडणार.

फौजेत आम्हाला निर्णय घेण्याची एक पद्धत शिकवतात. तिला ॲप्रिसिएशन म्हणतात. सगळ्यात वर लिहायचं उद्दिष्ट. मग परिस्थितीतले घटक. मग उपलब्ध मार्ग. शेवटी योजना. एका रात्री जेवणानंतर मी कागद घेतला आणि वर लिहिलं, 'उद्दिष्ट : पुण्यात फ्लॅट घेणे'. लिहिल्यावर माझं मलाच हसू आलं. कुठल्याही शिकवणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर लाल रेघ मारली असती. फ्लॅट घेणं हा मार्ग आहे, उद्दिष्ट नाही. कशासाठी, ते लिहा. दुसऱ्याकडे बघून आलेली इच्छा नेहमी अशीच येते. मार्ग ठरलेला असतो, कारण तो कोणीतरी चालून दाखवलेला असतो, आणि उद्दिष्टाची ओळ कोरी असते.

मी कागद बायकोपुढे सरकवला. म्हटलं, "तू सांग, पुण्यात तुला काय हवंय?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मला पुणं नको आहे. मला संध्याकाळी मराठीत बोलायला कोणीतरी हवंय. तुमच्याशी बोलते, पण ते वेगळं."

तीस वर्षं ती माझ्याबरोबर हिंदी-पंजाबी-इंग्रजी बोलत हिंडली. इथे शेजारी फार चांगले आहेत, ईदची शेवई आणि होळीच्या गुजिया घरपोच येतात. पण धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना तिचा जो आवाज असतो, तो या गल्लीत कोणी ऐकलेला नाही. ही गरज होती. ती कुठल्या ग्रुपवर नव्हती, कोणाच्या फोटोत नव्हती, आणि फ्लॅटच्या गोंगाटात ती इतके महिने ऐकूच आली नव्हती.

माझी ओळ लिहायची वेळ आली तेव्हा मी लिहिलं, 'जुन्या मित्रांत बसायचं.' खरं तर त्यातले चार जण माझे मित्र आहेत, बाकी फोटोत दिसतात. त्या चौघांना भेटायला फ्लॅट लागत नाही. बाकीच्यांच्या नजरेत आपण लखनौला 'राहून गेलेले' ठरतो, ही जी बारीकशी कळ होती, तीही मी कागदावर लिहून टाकली. लिहिल्यावर ती फार मोठी दिसली नाही.

मग घटक. औषधपाण्यासाठी लखनौला कमांड हॉस्पिटल आहे, पुण्यालाही आहे. ईसीएचएस दोन्हीकडे. मुलगी आता बेंगळुरूला, ती दोन्हीकडून लांब. लखनौचं धुकं डिसेंबर-जानेवारीत माझ्या छातीला मानवत नाही, हा घटक पुण्याच्या बाजूचा. घराला अंगण आहे, बायकोचा कढीपत्ता नि मोगरा आहे, हा इकडचा. आणि एक घटक कोणाच्याच ध्यानात नव्हता. आमची झोपायची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या गुडघ्यांना जिना नकोसा झालाय. तिने तो विषय काढला नव्हता, कारण पुण्याला लिफ्ट मिळणारच होती.

मार्ग बरेच निघाले. आम्ही यंदा घेतलेला असा. घर विकायचं नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत पुण्यात तिच्या बहिणीच्या घराजवळ भाड्याने दोन खोल्या घ्यायच्या. इथून पुष्पक एक्सप्रेसने मुंबई, तिथून पुणे. त्या अडीच महिन्यांत तिचं मराठी आणि माझे चौघे. उरलेल्या वर्षासाठी तिने इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झालेल्या दोघींना बुधवारी संध्याकाळी घरी बोलवायला सुरुवात केलीय. त्यातल्या एकीचे सासरे भातखंड्यांच्या संगीत महाविद्यालयात शिकले. १९२६मध्ये त्या मराठी माणसाने लखनौत येऊन ते उभारलं, हे त्या बाई अशा अभिमानाने सांगतात की जणू त्यांच्याच माहेरचं आहे. बुधवारी मला चहा करून वर जायची आज्ञा आहे.

भाड्याचा हा प्रयोग जमेलच असं नाही. पुण्यात अडीच महिन्यांसाठी घर द्यायला मालक नाखूष असतात, आणि बहिणीच्या जवळ राहण्याचे फायदे-तोटे दोन्ही असतात, ते मी इथे बोलत नाही, ती ऐकतेय. एखाद्या वर्षी कायमचं जावंही लागेल. दोघांपैकी एकच उरलं तर काय, हा प्रश्न कागदाच्या खाली लिहून ठेवलाय आणि त्याच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.

पुढच्या सोमवारी गवंडी येतोय. खालच्या बैठकीच्या खोलीला लागून बाथरूम काढायचं आहे, भिंतीला धरायचे दांडे बसवायचे आहेत, म्हणजे जिना टळेल. गवंड्याने विचारलं, "साहब, टाइल्स कैसी लगवाएँगे? बगल वालों ने इटालियन लगवाई है." मी त्याला म्हटलं, ओल्या पायाने घसरणार नाही अशी बसव, बाकी मेमसाहेबांना विचार. त्या आता कोणता रंग सांगतात ते बघू.